पत कोणाची, ठेव कोणाची

पतसंस्थेच्या काचेच्या दारावर ठेवींचे दर चिकटवलेले असतात. वर्षाला इतके, दोन वर्षांना इतके, ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा, दामदुप्पट इतक्या महिन्यांत. दार ढकलून आत जाणारा माणूस तो फलक वाचतो, मनातल्या मनात हिशेब करतो आणि पावती करून बाहेर पडतो. हे दर परवडावेत म्हणून संस्था कर्ज कोणाला देते, हे त्या दारावर कुठेच लिहिलेलं नसतं. थकबाकीदारांची नावं एक दिवस जप्तीच्या नोटिशीत छापून येतात, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

हे पुस्तक त्या न लिहिलेल्या बाजूबद्दल आहे. लेखक माझे जुने सहकारी. आम्ही दोघांनी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात आयुष्य घालवलं, दोघांचेही डोळे कीर्द-खतावण्यांवर अधू झाले. फरक इतकाच की निवृत्तीनंतर मी बागेत रमलो आणि ते लिहायला बसले. सभासदाची ठेव सुरक्षित कशी राहते आणि कशी बुडते, हा त्यांचा विषय. प्रस्तावनेसाठी त्यांनी मला धरलं, तेव्हा मी एक अट घातली : पुस्तकातलं मी पुन्हा सांगणार नाही, मला जे वाटतं ते सांगेन. त्यांनी हसून मान डोलावली. तेव्हा पुढच्या पानांत काही जागी मतभेद दिसले तर ते खरे आहेत.

आधी एक जुनी गोष्ट. मराठी माणसाच्या हातून झालेली, तरी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांनी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ सुरू केली. सहकाराचा कायदा देशात यायला अजून पंधरा वर्षं होती. शहरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकत्र यायचं, थोडं थोडं साठवायचं आणि गरज पडेल त्याला त्यातूनच द्यायचं, एवढीच ती कल्पना. नावात ‘अन्योन्य’ आहे, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवहाराचं मर्म त्या एका शब्दात आहे. मी तुला ओळखतो, तू मला ओळखतोस. तुझ्या घरी काय चाललंय हे मला माहीत आहे. तू घेतलेले पैसे माझे आहेत, हे तुलाही माहीत आहे.

जर्मनीत रायफायझेन यांनी खेडोपाडी पतपेढ्या उभ्या केल्या त्याही याच ओळखीवर. कार्यक्षेत्र एक-दोन गावांपुरतं आणि सभासदांची जबाबदारी अमर्याद. म्हणजे एकाने बुडवलं तर बाकीच्यांच्या शेतीवाडीपर्यंत वसुली पोचणार. आपल्याकडे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तेव्हा ग्रामीण संस्थांना हीच अमर्याद जबाबदारी लावण्यात आली. आज ऐकताना ती तरतूद क्रूर वाटते. पण तिचा परिणाम काय होत असेल, याचा विचार करा. शेजाऱ्याने कर्ज मागितलं की बाकीचे सभासद त्याच्या गोठ्यात किती जनावरं आहेत ते मोजत असणार, गेल्या वर्षीची उधारी त्याने कधी फेडली ते आठवत असणार. ठेवीचं संरक्षण करायला वेगळं खातं नव्हतं, वेगळा अधिकारी नव्हता. सगळ्यांचे डोळे हेच संरक्षण.

पुढे जबाबदारी मर्यादित झाली, आणि ते योग्यच झालं. कार्यक्षेत्र गावाचं तालुक्याचं झालं, तालुक्याचं जिल्ह्याचं. शाखा वाढल्या, संगणक आले, चेअरमनसाहेबांच्या गाडीला दिवा नसला तरी झेंडा आला. ठेवीदार मात्र अजूनही जुन्याच कारणाने पैसे ठेवतो. चेअरमन आपल्या आळीतला आहे, मॅनेजर मामाच्या गावचा आहे, पिग्मीवाला रोज दुकानावर येतो, चहा पितो. ओळखीचा विश्वास तसाच राहिला, पण ज्या ओळखीवर तो उभा होता ती उरली नाही. आळीतला चेअरमन ठेवीदाराच्या ओळखीचा असतो. त्याने शंभर किलोमीटरवरच्या ज्या बिल्डरला कर्ज दिलंय तो ओळखीचा नसतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बुडालेल्या संस्थांची मुळं याच फटीत होती.

पिग्मीचं उदाहरण घ्या. १९२८ साली उडुपीत टी. एम. ए. पै यांच्या सिंडिकेट बँकेने ही योजना काढली. दोन आण्यांपासून रोजची बचत, आणि ती न्यायला बँकेचा माणूस दारात. भाजीवाली, टपरीवाला, रिक्षावाला, गिरणीत दळणारा यांना बचतीची सवय लावणारी याहून सोपी युक्ती मी पाहिलेली नाही, आणि महाराष्ट्रातल्या पतसंस्था तिच्यावर वाढल्या. पण पिग्मीत खातेदार संस्थेच्या दारात कधी जातच नाही. त्याच्यासाठी संस्था म्हणजे तो एजंट. कार्डावर रोजची सही होते, पण ती रक्कम संध्याकाळी संस्थेत भरली का, हे पाहायला वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही. एका तालुक्याच्या गावी मी खातेदारांची कार्डं आणि संस्थेची खतावणी समोरासमोर ठेवली होती. अकरा कार्डांपैकी चारच जुळली. एजंट पळालेला नव्हता. तो रोज येत होता, रोज चहा पीत होता.

आता व्याजाचा हिशेब करू. हा हिशेब मी प्रत्येक ठेवीदाराला कागदावर मांडून दाखवत असे, आणि तो ऐकून घेणारे थोडे. समजा संस्था ठेवीवर १२ टक्के देते. पगार, भाडं, पिग्मीचं कमिशन मिळून शंभर रुपयांमागे ३ रुपये खर्च धरा. म्हणजे शंभरावर वर्षाला १५ रुपये मिळवले पाहिजेत. सगळे शंभर काही कर्जाला देता येत नाहीत. रोजच्या मागणीसाठी आणि नियमासाठी तीसेक रुपये बँकेत ठेवावे लागतात. त्यावर ७ टक्क्यांनी २ रुपये १० पैसे येतात. उरलेले १२ रुपये ९० पैसे सत्तर रुपयांच्या कर्जातून काढायचे, म्हणजे कर्जाचा दर साडेअठराच्या आसपास हवा. तोही प्रत्येक कर्जदार वेळेवर फेडतो असं धरून. सत्तरातले दहा रुपये अडकले तर उरलेल्या साठांवर साडेएकवीस टक्के लावावे लागतील. ज्याची शेती, दुकान, पगार नीट आहे तो राष्ट्रीयीकृत बँकेतून निम्म्या दरात कर्ज घेतो. मग एकवीस टक्क्यांनी कोण घेतो? ज्याला दुसरीकडे दार बंद आहे तो, किंवा ज्याचा परत करण्याचा विचारच नाही तो. सगळेच तसे नसतात, हे मान्य. अडल्यानडल्याला तासाभरात सोनेतारण देणारी पतसंस्था मी पाहिली आहे, आणि तिच्यामुळे सावकाराच्या दारातून परत फिरलेली माणसंही. पण ठेवीचा दर शेजारच्या संस्थेपेक्षा दोन टक्के जास्त दिसला, तर ते दोन टक्के कुठून येतात हे विचारायलाच हवं. लेखकांनी दुसऱ्या प्रकरणात हे सौम्यपणे लिहिलं आहे. मी असतो तर सौम्य लिहिलं नसतं.

पैसा बुडताना कसा दिसतो? तो बुडताना दिसत नाही, हीच अडचण. लेखापरीक्षकांच्या बोलीत एक शब्द आहे, ‘नवं-जुनं’. मुदत संपलेलं कर्ज त्याच माणसाला, किंवा त्याच्या भावाला, बायकोला, गड्याला नवं कर्ज देऊन फेडून घ्यायचं. कागदावर जुनं कर्ज वसूल, नवं कर्ज ताजं, व्याजही आलं, संस्था नफ्यात. पैशाची एक नोटही इकडून तिकडे गेलेली नसते. याची मुख्य रात्र ३१ मार्चची. तरुणपणी मी अशा एका संस्थेत त्या रात्री थांबलो होतो. बाहेर वडापावची पार्सलं, आत संचालकांची ये-जा, आणि कर्जखात्याचा कारकून सतत ‘अजून दोन राहिली’ म्हणत होता. पहाटे थकबाकीचं प्रमाण १९ टक्क्यांवरून ४ वर आलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा चढायला लागलं, पण अहवाल ३१ मार्चचा. त्या वर्षी संस्थेला ‘अ’ वर्ग मिळाला. मी तेव्हा ज्या वरिष्ठांच्या हाताखाली होतो त्यांना दाखवलं. ते म्हणाले, “एप्रिलची कीर्द आपल्या कार्यकक्षेत नाही.” कायद्याने ते बरोबर होते. चार वर्षांनी त्या संस्थेचं शटर खाली आलं. सरपटत येणाऱ्या गोष्टी कीर्दीतल्या तारखांनी पकडायच्या असतात, हे मी त्या रात्री शिकलो. म्हणून वाचकांना सांगतो : लेखापरीक्षणाचा वर्ग हा शाळेतला निकाल समजू नका.

इथे विम्याचा प्रश्न येतो. सभेत सगळ्यात आधी विचारला जातो तोच. १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, त्या धसक्यातून देशात ठेव विमा आला. १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण मिळालं. पुढे ही मर्यादा वाढत १९९३ मध्ये १ लाखावर गेली, तिथे पाव शतकाहून जास्त काळ थांबली, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांनाही या कक्षेत घेतलं. पतसंस्थांना घेतलं नाही. पाटीवर ‘सहकारी’ दोन्हीकडे, काउंटर दोन्हीकडे, पासबुकाचा रंगही सारखा. पण सहकारी बँकेतल्या ५ लाखांमागे ठेव विमा महामंडळ आहे आणि पतसंस्थेतल्या ५ लाखांमागे ते नाही. रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही, तिची तपासणीही नाही. निवृत्तीचे पैसे घेऊन आलेल्या कितीतरी शिक्षकांना, एसटीच्या वाहकांना हा फरक पावती केल्यानंतर पाच वर्षांनी कळतो.

याला जोडून एक बारकावा आहे. तो खुद्द पतसंस्थांच्या संचालकांनाही अनेकदा माहीत नसतो. पतसंस्था आपला जास्तीचा पैसा बँकेत ठेवते आणि सभेत सांगते, ‘आपले पैसे बँकेत सुरक्षित आहेत.’ पण विम्याच्या दृष्टीने ती पतसंस्था म्हणजे एक ठेवीदार. तिने एका बँकेत ३ कोटी ठेवले आणि ती बँक बुडाली, तर विमा त्या संस्थेला मिळून ५ लाखांचाच. मागे हजार सभासद असले तरी. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि खात्यातून सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येऊ लागले. तेव्हा विम्याची मर्यादा अजून १ लाखच होती, आणि रांगेत पतसंस्थांचे मॅनेजरही होते. त्यांच्या मागच्या सभासदांनी त्या बँकेचं नावही कधी ऐकलं नसेल.

अमेरिकेचं उदाहरण या पुस्तकात दोन ओळींत आलं आहे. माझ्या मते ते जास्त जागा मागतं, कारण तिथल्या ‘क्रेडिट युनियन’ या आपल्या पतसंस्थांच्या सख्ख्या बहिणी. १९३४ मध्ये त्यांच्यासाठी केंद्रीय कायदा झाला. १९७० मध्ये सभासदांच्या बचतीसाठी केंद्र सरकारचा विमा निधी आला. प्रत्येक संस्थेने आपल्या विमाधारी बचतीच्या १ टक्का रक्कम त्यात ठेवायची, आणि मागे सरकारची हमी. आज सभासदामागे अडीच लाख डॉलरपर्यंत संरक्षण आहे. पण सगळ्याच संस्था त्या निधीत नव्हत्या. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात बऱ्याच क्रेडिट युनियन एका खासगी, आपापसातल्या निधीच्या छत्राखाली होत्या. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये त्या छत्राखालच्या एका वित्तसंस्थेच्या अध्यक्षाने सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर लांबवून पोबारा केला. निधीकडे तेवढे पैसे भरपाईला होते, पण लोकांचा धीर सुटला आणि दुसऱ्या संस्थांपुढे रांगा लागल्या. निधी कोसळला. १ जानेवारी १९९१ ला ब्रूस संडलन यांनी राज्यपालपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी ४५ बँका आणि क्रेडिट युनियन बंद करण्याचा हुकूम काढला. बहुतेकांचे पैसे पुढच्या दोन-अडीच वर्षांत राज्य सरकारने उभे केलेल्या संस्थेमार्फत मिळाले. पण त्या हिवाळ्यात पेन्शनर हातात पासबुक घेऊन विधानभवनासमोर उभे होते.

हे इतक्या विस्ताराने सांगायचं कारण आहे. महाराष्ट्रात सहकार कायद्याच्या दुरुस्तीने बिगरकृषी पतसंस्थांसाठी नियामक मंडळ आलं आणि ‘स्थिरीकरण व तरलता सहाय्य निधी’ आला. पतसंस्थांनीच अंशदान भरायचं आणि त्यातून छोट्या ठेवीदाराला १ लाखापर्यंत संरक्षण द्यायचं, ही कल्पना पुढे आली. कल्पना चांगली आहे, तिची गरजही होती. लेखक तिच्याबद्दल उत्साहाने लिहितात. मी थोडा हात राखून आहे. निधी भरणाऱ्या संस्था एकाच जिल्ह्यातल्या, एकाच ऊस-कापूस-सोयाबीनवर अवलंबून, एकाच दुष्काळात सापडणाऱ्या असतील, तर निधी सगळ्यात जास्त लागेल त्याच वर्षी तो सगळ्यात कोरडा असेल. शिवाय अनेक संस्था अंशदानालाच विरोध करतात. ‘आम्ही चांगलं चालवतो, दुसऱ्याच्या पापाला आम्ही का पैसे भरायचे?’ हा प्रश्न मी चांगल्या संस्थांच्या चेअरमनकडून ऐकला आहे, आणि तो अगदीच अन्यायाचा नाही. त्याचं उत्तर अंशदानाचा दर संस्थेच्या धोक्यानुसार बदलण्यात आहे. ते पटवून देणारा माणूस अजून कोणाला भेटलेला दिसत नाही.

बहुराज्य संस्थांची कथा निराळी. सीमेपलीकडच्या एखाद्या तालुक्याचं नाव कार्यक्षेत्रात घातलं की राज्याच्या निबंधकाचा हात सुटतो आणि कारभार दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे जातो. अनेकांना नेमकं तेच हवं होतं. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्य पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमला गेला तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांतल्या ठेवीदारांना कळलं, की आपल्या तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या टेबलावर तक्रार ठेवून काही उपयोग नाही. २०२३ च्या दुरुस्तीने बहुराज्य संस्थांसाठी सहकार लोकपाल आणि वेगळं निवडणूक प्राधिकरण आणलं. ते किती पोचेल, हे दिल्लीपासूनच्या अंतरावर ठरेल.

शटर पडल्यानंतरचं प्रकरण पुस्तकात सर्वात लांब आहे, आणि वाचताना जीव सर्वात जास्त थकतो. राज्याच्या सहकार कायद्यातली कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित करणं, कलम १०१ चे वसुली दाखले, कलम १०२ चं अवसायन, १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या रक्षणाचा कायदा. हत्यारांची कमतरता नाही. दाखला मिळणंही फार अवघड नसतं. अवघड असतो लिलाव. कर्जदाराची जमीन बोलीला निघते, गावाच्या चावडीवर माणसं जमतात, आणि बोली कोणी लावत नाही. शेजाऱ्याच्या जमिनीवर बोली लावून त्याच गावात राहायचं कसं? ठेवीदार ज्या ओळखीवर विसंबला होता, तीच ओळख इथे त्याच्या वाटेत आडवी येते.

म्हणून माझा सगळा भर शटर उघडं असतानाच्या दिवसांवर आहे. राज्याच्या सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेचे उपविधी, शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफातोटा पत्रक, संचालकांची यादी पाहायला मिळते, आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदीही. माहिती अधिकाराचा अर्ज थेट संस्थेला लागू होत नाही. केरळमधल्या थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. पण निबंधकाला कायद्याने जी माहिती मागवता येते ती त्याच्याकडून मागता येते, हेही त्याच निकालात आहे. अडचण अशी, की बऱ्याच ठेवीदारांना संस्थेने नाममात्र सभासद करून घेतलेलं असतं. शंभर रुपयांची पावती, मत नाही, सभेची नोटीस नाही. आपण पूर्ण सभासद आहोत की नाममात्र, हे आजच पाहून घ्यावं. लेखकांनी शेवटच्या प्रकरणात अर्जाचा नमुना दिला आहे, तो वापरावा.

सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेबद्दल लेखकांनी संयमाने लिहिलं आहे. मी तिथे स्टीलचे डबे वाटताना पाहिले आहेत, नाष्ट्याच्या रांगा पाहिल्या आहेत, विषयपत्रिकेचे अकरा विषय सात मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत संपलेले पाहिले आहेत. एका सभेत मात्र मागच्या रांगेतली एक भाजी विकणारी बाई उठली. तिच्या हातात अहवाल होता, आणि त्यातली एक ओळ तिने कोणाकडून तरी वाचून घेतलेली होती. तिने विचारलं, “चेअरमनसाहेब, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांची कर्जं, इथे आकडा दिलाय. यातली थकलेली किती?” चेअरमन म्हणाले, “काकू, ते तपशील कार्यालयात या, दाखवू.” ती म्हणाली, “मी उद्या येते. भाजी संपली की येते.” दुसऱ्या दिवशी दुपारी ती खरोखरच आली, रिकामी पाटी काखेत घेऊन. मी तिथेच लेखापरीक्षणाला बसलो होतो. मॅनेजरने कपाट उघडलं.